चौथ्यांदा काढलेल्या चपला

नांदेड, मंगळवार संध्याकाळ

दारातला कडुलिंब फुलला की आमचं अख्खं घर शिंकायला लागतं. आज सगळ्यांसाठी मिळून डॉक्टरांची पाचची वेळ घेतली होती. साडेचारला चपला घातल्या आणि दारातच पोरगी शिंकली. झालं!

सासूबाई म्हणाल्या, "निघताना शिंक? बसा गुमान. घोटभर पाणी प्या, मंग निघा."

चपला काढल्या. पुन्हा घातल्या तर हे शिंकले. मग मी. दाबून धरली होती, पण नाकानं दगा दिला. मग परत पोरगी. चौथ्यांदा चपला काढताना मी म्हटलं, "अहो आई, शिंकांसाठीच तर दवाखान्यात चाललोय!"

"म्हणूनच सांगून राहिले. दवाखान्याला जाताना अपशकुन चालत न्हाई."

मी पाण्याचा तांब्या पुन्हा भरून आणला.

सहाला उंबऱ्यावर त्या स्वतःच शिंकल्या, अशी खणखणीत की गल्लीतलं कुत्रं उठलं. मी मुकाट्यानं चपला काढायला वाकले.

"बसता काय? माझी साधी सर्दी हाय. चला!"

पोचलो तर डॉक्टर कुलूप लावून पायरी उतरत होते. तेवढ्यात पोरगी शिंकली.

डॉक्टर थबकले. कुलूप उघडून आत गेले, खुर्चीत बसले आणि घोटभर पाणी प्याले.