पुढच्या खोलीची लादी

रविवार, ६ जानेवारी १९७४

वस्तुस्थिती क्रमाने नोंदवून ठेवते, कारण आमच्या घरात ठरलेली प्रत्येक गोष्ट नंतर ‘असं कुठे ठरलं होतं?’ या वाक्यात विरघळते.

एक. राहनाळच्या वाटेवरील भूखंड माझ्या व धाकट्या भावाच्या, वसंताच्या (यापुढे व.), संयुक्त नावावर आहे. दोन. स्लॅब व गिलावा पूर्ण. फरशी, लाकूडकाम, रंग बाकी. तीन. खाली दोन खोल्या, वर दोन. खालची पुढची खोली माझी. हे आईसमक्ष ठरले, व.ने मान हलवली. चार. आम्ही तिघे आज ज्या भाड्याच्या खोलीत राहतो, तिची मागची भिंत ही लूमच्या खात्याची, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याची, भिंत आहे. दिवसपाळी संपते तेथे रातपाळी सुरू होते. फडताळातले पेले सतत किणकिणतात. एम.एस्सी.चा सारा अभ्यास मी कानांत कापूस घालून केला, कॉलेजात शिकवण्याची तयारीही तशीच करते. पाच. नव्या घराभोवती अजून भातशेती आहे. तेथे मला अशी एक खोली हवी की जिच्यात पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज ऐकू यावा. याहून अधिक काही मागितलेले नाही.

दुपारी व.सह कल्याण रस्त्यावरील लादीच्या कारखान्यात. त्याचे एकच पालुपद:

“ताई, खालच्या पुढच्या खोलीला कोबा घाल. सिमेंटचा, जाड. दनकट राहतो.”

“ती अभ्यासाची खोली आहे, गोदाम नव्हे.”

“बरं बाई. तुझ्यापुढं कोन बोलनार?”

अभिरुची नावाची वस्तू या मुलाला कधी शिवलीच नाही.

रविवार, १३ जानेवारी

मोझॅक लादीचे अकरा नमुने घरी आणले होते. रात्रभर पाण्यात ठेवले. सहांचा रंग उतरला, दोन काटकोनात नाहीत, एकीचा आवाज फुटक्या मडक्यासारखा. उरलेल्या दोहोंतून एक निवडली: दुधी रंग, त्यात काळे व हिरवट दाणे. भिंतीपासून एक लादी सोडून काळ्या लादीची किनार.

नाकारलेले नमुने परत केले तेव्हा कारखानदार म्हणाला, “बाई, लादी पायाखाली घालायची असते. कपाळाला लावायची नसते.”

म्हटले, “आपल्यासारख्यांनी हेच मानले म्हणून या गावात एकही सरळ जमीन नाही.”

त्याने नमुने मोजून आत नेले. लाद्या मात्र आता नीट निवडून पाठवील.

शनिवार, १९ जानेवारी

हनीफ मिस्त्री, लादी बसवणारा, आज प्रथम आला. पान तोंडात, दोरी खिशात, ओळंबा विसरलेला. दोरी लावून पाहिल्यावर एका बाजूस तुकडा कापून लावावा लागेल असे दिसले. मी हिशेब करून दाखवला: पूर्वेकडील भिंतीचा गिलावा बोटभर जाड झाला आहे, तो छिलला तर एकही लादी कापावी लागणार नाही.

“मैडम, लादी बिठाने का है कि मेरा इम्तिहान लेने का है?”

“दोन्ही.”

हसला. गिलावा छिलायला मात्र व. येऊन ‘कर बाबा, नाय तर ती झोपू देनार नाय’ असे म्हणेपर्यंत हात लावला नाही. माझ्या घरात माझा शब्द भावाच्या तोंडून गेल्याशिवाय चालत नाही. हे नोंदवते.

रविवार, २७ जानेवारी

न्हाणीघराला पांढरी चकचकीत लादी, खांद्याच्या उंचीपर्यंत. आईला दाखवायला नेले. दारातच थबकली.

“इंदू, हितं आंघोल करायची का आपरेशन?”

व. इतका हसला की त्याला ठसका लागला. आईच्या मते मोरीला शहाबादी बरी, पाय घसरत नाही आणि काळी पडली तरी कळत नाही. ‘कळत नाही’ हा आमच्याकडे गुण मानला जातो.

सुताराने पुढच्या खोलीचे दार दोन रुंद फळ्यांचे केले आहे, मी सांगितले त्याहून बरेच मोठे. व. म्हणतो, पुस्तकांची कपाटे सहज आत जातील. प्रथमच माझ्या पुस्तकांचा विचार त्याने केला. दार प्रमाणबद्ध आहे, म्हणून आक्षेप घेतला नाही.

रविवार, ३ फेब्रुवारी

उद्या परीक्षकांच्या बैठकीसाठी नाशिकला. पंधरवडा जाईल. लाद्या येऊन पडल्या. मांडणीचा आराखडा काढून, प्रत्येक ओळ दाखवून, व.च्या हाती दिला. हनीफला वाचता येत नाही, पण चित्र कळते. व.ला म्हटले, यात काडीचाही फरक नको.

“एक पन लादी वाकडी लागनार नाय. शब्द देतो.”

रविवार, १७ फेब्रुवारी

एस.टी.तून उतरले ती थेट घराकडे गेले. जे पाहिले ते तसेच लिहिते.

पुढच्या खोलीत लादी बसली आहे. दुधी, माझी. काळी किनार जागच्या जागी, सांधे बारीक. आणि मधोमध चार लांबट चौकोन उघडे. मातीपर्यंत खणलेले, तळाशी खडी. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, मध्ये माणूस जाईल एवढी वाट. थडगी खणावीत तसे.

हनीफ उकिडवा बसून सांधे पुसत होता. मला पाहून उठला, चेहरा उजळलेला.

“देखो मैडम, भाई बोला चार लूम का जगा छोड़ो। मैंने हर गड्ढे को भी काला बॉर्डर मार दिया। आपकी डिजाइन से मैच।”

खरोखरच मारला होता. प्रत्येक खड्ड्याला काळी किनार. चौथी किनार दोन बोटे तिरपी.

मी प्रथम म्हणाले ते असे: “चौथी तिरपी आहे.” मग कोणते लूम, कोणाचे, असे विचारले. त्याने जीभ चावली. “आपको मालूम नहीं? मैं समझा घर का मामला है, सबको मालूम होगा।”

या गावात लूम हे असे येतात. माणसे बैठकीची खोली बांधतात, खिडक्यांना पडदे लावतात, आणि वर्षभरात पलंग जिन्याखाली जातो व बैठकीत लूम उभे राहतात. परंतु आधी नक्षीची लादी घालून तिच्यातच लूमसाठी खड्डे ठेवणारा, आणि त्यांना किनार काढू देणारा, माझ्याच आईच्या पोटी जन्मला आहे.

सोमवार, १८ फेब्रुवारी

व.शी बोलणे झाले. बोलणे म्हणजे ओरडणे. आठवते तेवढे:

“तुझी लादी घातली, माझी जागा ठेवली. दोघांचं झालं ना? अजून काय पायजे?”

“शांतता!”

“वरच्या खोलीत बस. स्लॅब हाय मधी, कमी येतो.”

“खोली माझी ठरली होती.”

“खोली तुझीच हाय. मी फक्त जमीन मागतो.”

हे तर्कशास्त्र. मग मूळ गोष्ट बाहेर आली. पडघ्याच्या कोणी आपले लूमचे खाते मोडीत काढले. त्याचे चार जुने लूम व.ने घेतले. ते राहनाळच्या एका गोदामात ताडपत्रीखाली उभे आहेत. म्हणून दार रुंद. म्हणून कोबा.

“किती दिवस दुसऱ्याच्या खात्यात जॉबर म्हणून मरू? यांचे लूम जुळवायचे, त्यांच्या शिव्या खायच्या. माझे चार लूम असतील तर शेठ पन माझ्या दारात येईल.”

म्हटले, लूम हवेत तर शेड भाड्याने घे.

त्यावर तो म्हणाला, “मी आठवीतनं खात्यात गेलो तवा तू कालेजात जात होतीस. तवा कुनी नाय बोललं, वसंता, आवाज होतो.”

हे वाक्य त्याने आजवर कधी उच्चारले नव्हते. कोणीतरी पढवले असावे. ते मूळ मुद्द्याशी संबंधित नव्हते.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

लूमसाठी तीन फेजच्या वीजजोडणीचा अर्ज व.ने पुढे ठेवला. भूखंड संयुक्त, म्हणून माझी सही लागते. सही केली नाही. अर्ज परत त्याच्या डब्याखाली ठेवला.

आईचे मत विचारले. न विचारते तर बरे होते.

“लूम बंद झालं ना इंदू, तर मला झोपच येत न्हाय. लाइट गेली की मी टक्क जागी. तिकडं शेतात कशी झोपनार मी, सांग.”

तिला तो आवाज हवा आहे! म्हणजे तीन माणसांच्या या घरात मी एकटी.

रविवार, ३ मार्च

सर्व काम थांबले. हनीफला खड्डे बुजवायला सांगितले. म्हणतो, भाई बोलेगा तो. व. सांगत नाही. घासाईचे यंत्रही आणता येत नाही. पाणी सोडले की खड्डे भरतील आणि उघड्या कडांच्या लाद्या उडतील. हनीफ अंजूरला दुसऱ्या कामावर गेला. जाताना, “मैडम, दोनों भाई-बहन एक हो जाओ, फिर बुलाओ। अपुन को क्या, गड्ढा भी अपना, लादी भी अपनी।” कामचुकार माणसाला तत्त्वज्ञान फार लवकर सुचते.

मी स्वतः लादी आणायला कारखान्यात गेले. त्या घाणीतील, त्याच मिश्रणातील, एकही शिल्लक नाही. नवा माल करडा निघतो. पांढरे सिमेंट वेगळे आहे म्हणे. ती लादी खड्ड्यांत बसवली तर चार डाग कायमचे दिसत राहतील. कारखानदाराने विचारले, “काय मोठं झाड पडलं का बाई, मधूनच लादी लागते ती?” मी बाहेर पडले. म्हणजे मी जिंकले तरी ती खोली, मी जशी योजली होती तशी, आता होऊ शकत नाही. हे नुकसान व.ने केले आहे आणि त्याला ते दिसतही नाही.

रविवार, १० मार्च

व. चार दिवस घरी झोपायला आलेला नाही. खात्यातच पडतो. आज कपडे न्यायला आला. मी स्वयंपाकाच्या ओट्याजवळून, त्याच्या पाठीमागून, अगदी सभ्य स्वरात विचारले, लूम परत करणार आहेस की नाही? उत्तर नाही. पुन्हा विचारले. पिशवी भरत राहिला. तिसऱ्यांदा मी ताटली आपटली. त्याने वळूनही पाहिले नाही.

उद्धटपणाची ही सीमा आहे, असे आईला म्हटले. तो जिना उतरेपर्यंत आई दारात उभी राहिली. मग:

“उद्धट न्हाय. त्याला त्या बाजूनं ऐकू येत न्हाय. डावा कान तर गेलाच हाय. उजवा पन कमी झालाय. खात्यातल्या सगल्या जॉबरांचं असंच व्हतं.”

“कधीपासून?”

“झाली की दोन वर्सं. तुला न्हाय म्हाईत?”

मला माहीत नव्हते. एका खोलीत राहतो आम्ही. तो नेहमी माझ्या डाव्या हाताला, भिंतीशी जेवायला बसतो, म्हणजे त्याचा चांगला कान माझ्याकडे येतो. मी समजत होते की दिव्याच्या उजेडासाठी.

मला सांगितले का नाही, असे विचारले. आई म्हणाली, “तो बोलला, ताईला सांगू नको, ती डाक्टरकडं ओढत नेईल आनि त्याच्याशीबी भांडेल.”

माझ्याविषयी असे परस्पर निष्कर्ष काढण्याचा अधिकार या दोघांना कोणी दिला?

सोमवार, ११ मार्च

कॉलेजला गेले नाही. व.ला पत्र लिहिले. आई डब्यासोबत खात्यात नेऊन देईल. येथे नक्कल ठेवते.

“वसंता,

मोठ्याने बोलले की आई मध्ये पडते. हळू बोलले तर तुला ऐकू येत नाही, हे मला काल समजले. तू दोन वर्षे लपवलेस. म्हणून लिहिते. खड्ड्यांविषयीचा माझा राग या माहितीने तिळमात्र कमी झालेला नाही. दोन्ही विषय स्वतंत्र आहेत, ते एकमेकांत मिसळू नकोस आणि मीही मिसळणार नाही.

ज्या आवाजाने तुझा कान नेला तोच आवाज तू आपल्या घरात, आईच्या उशाशी आणतो आहेस. उरलेला कान तू चार लुमांना देऊन टाकणार आहेस. त्यासाठी माझी सही मागतो आहेस. ही सही मी कशी करावी, ते तूच सांग.

पहिला प्रश्न: राहनाळला ते लूम ज्या गोदामात उभे आहेत, तेथेच किंवा दुसऱ्या एखाद्या शेडमध्ये ते चालवता येतील का? येत नसतील तर का? ‘बघू’ हे उत्तर नव्हे.

दुसरा: मी सही केली नाही तर तू त्या घरात राहायला येणार आहेस की नाही?

तिसरा: ठाण्याला कानाचे डॉक्टर आहेत. तू कोणत्या वारी मोकळा आहेस? मी बरोबर येईन. तेथे भांडणार नाही.

तिन्हींची उत्तरे वेगवेगळी, क्रमाने, तुझ्या अक्षरात, कागदावर हवीत. अक्षर कसेही असो. आईच्या तोंडी पाठवलेला निरोप मी स्वीकारणार नाही. लेखी कळव.

इंदुमती”