चौदा जूनपर्यंत

॥ श्री ॥
सणसर, ता. इंदापूर
४ फेब्रुवारी १९९६

चि. सौरभ यास अनेक आशीर्वाद.

तुझे मस्कतहून १५ जानेवारीस लिहिलेले पत्र पोहोचले. टीव्ही व कपडे धुण्याचे यंत्र तेथे निम्म्या किमतीत मिळते, हे ठीक. परंतु येथे आणताना कस्टमच्या जकातीत सवलत हवी असेल तर परदेशात दोन वर्षे वास्तव्य आवश्यक आहे आणि तुझी दोन वर्षे १४ जूनला पूर्ण होतात. म्हणून होळीच्या सुमारास मिळणाऱ्या दहा दिवसांच्या रजेत तू येऊ नयेस. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला असलेला तुझा चुलतभाऊ संभाजी सांगत होता की, त्याचा मेहुणा कुवेतहून मध्येच घरी येऊन गेला आणि त्याची सवलत बुडाली. एक दिवस जरी येथे पाऊल पडले, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

तुझ्या आईला हे पटत नाही. पोरगं घरी येऊन चार घास खाऊन गेलं तर सरकारचं काय जातंय, असे तिचे म्हणणे. हे कुठं लिवलंय का, तुमी सोता वाचलंय का, असेही तिने मला विचारले. एकोणतीस वर्षे शाळेत शिकवलेल्या माणसाची घरात अशी उलटतपासणी होते, हे तुझ्या माहितीसाठी.

तिला संध्याकाळी कणकण येते. बारामतीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. काळजीचे कारण नाही. कालव्यावर धुणे नेणे मी बंद करविले आहे. टीव्हीवर घालण्यासाठी तिला क्रोशाचा रुमाल विणायचा आहे, तरी मापे कळवावीत. पत्राखालची जागा नेहमीप्रमाणे तिला लिहिण्यासाठी सोडली आहे.

प्रकृतीस जपावे. पत्र आले की घर दोन दिवस बरे असते, एवढे ध्यानात ठेवावे.

तुझा शुभचिंतक,
आप्पासाहेब

बाळा, हितं समदं बरं हाय. मशीन न्हाय आणलं तरी चालंल. कवा येतूस ते लिव.


॥ श्री ॥
मस्कत
२३ फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र खोलीतल्या मित्रांना वाचून दाखवले. मुंबईच्या जकात अधिकाऱ्यांनी तुमच्याकडे शिकवणी लावावी, असे सर्वांचे मत पडले. रजा घेत नाही; साहेबांना तसे सांगितले. तिकिटाचे पैसे वाचले, त्यात यंत्र थोडे मोठे घेईन.

आईला सांगा, टीव्हीचा माथा वीस इंच रुंद आणि अठरा इंच खोल आहे. झालर सोडायची असेल तर पुढच्या बाजूने चार बोटेच सोड म्हणावे, नाहीतर बातम्या देणाऱ्या बाईचे केस झाकले जातील. तिची कणकण अजून आहे का? तिच्या ओळी या वेळी पेन्सिलीने फिक्या उमटल्या आहेत.

आपल्या दोघांच्या मायेवर येथले दिवस निघतात. ती अशीच असू द्यावी.

आपला आज्ञाधारक,
सौरभ


सणसर
३१ मार्च १९९६

चि. सौरभ यास आशीर्वाद.

पत्राच्या माथ्यावर श्री लिहिलेले नाही, कारण सुतकातून घर बाहेर आले असले तरी हात अजून आलेला नाही.

१७ तारखेस बारामतीच्या टेलिफोन बूथवरून तुझ्याशी जे बोललो, ते बूथबाहेर माणसे उभी असल्याने त्रोटक झाले. तपशील कळवतो. तुझ्या आईस ८ तारखेस दवाखान्यात दाखल केले. ताप उतरेल, असे सर्वांना वाटत होते, मलाही. दहाव्या दिवशी पहाटे ती गेली. अग्नी संभाजीने दिला.

तू लगेच निघतो म्हणालास. मी नको म्हणालो. तू पोहोचेपर्यंत काही उरणार नव्हते आणि चौदा जूनला एकोणनव्वद दिवस राहिले होते. गेलेले माणूस गेले. ज्यासाठी तू दोन वर्षे काढलीस तेही जाऊ नये, असा मी विचार केला. तो योग्य होता, असे मी मानतो.

दवाखान्यात तिने एकदा विचारले, चौदा जून वटपौर्णिमेच्या आधी की मागनं. मी म्हटले, नंतर.

जेवणाची आबाळ करू नये.

आप्पासाहेब


मस्कत
२० एप्रिल १९९६

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

टीव्ही आणि यंत्र घेतले. खोकी पट्ट्या मारून ठेवली आहेत. कुठे बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून नियमांचा छापील कागद आधी पाहावा, असे वाटते. पुण्याला माल सोडवून देणारे दलाल असतात. त्यांच्याकडून तो आणून वाचावा. एवढे झाल्यावर आता यात चूक नको.

आपल्या पत्राखालची जागा कोरी होती. ती मी बराच वेळ पाहिली.

सौरभ


सणसर
१२ मे १९९६

चि. सौरभ यास आशीर्वाद.

शुक्रवारी पुण्यास जाऊन छापील कागद आणला. परतीच्या एसटीत भिगवणपर्यंत तो तीन वेळा वाचला. डाळजचे एक ओळखीचे गृहस्थ शेजारी होते. तब्येत बरी नाही का, असे त्यांनी विचारले.

कलम चार असे आहे: दोन वर्षांच्या काळात प्रवासी अल्प मुदतीसाठी मायदेशी येऊन गेल्यास त्यामुळे सवलतीस बाध येत नाही. दहा दिवसांची रजा त्यात सहज बसत होती. मार्चमध्येही बसत होती.

काल संभाजीला बोलावून विचारले. त्याचा मेहुणा आठ महिने येथे राहिला होता. संभाजीने ते लपवले नव्हते. किती दिवस, हे मी विचारलेच नव्हते. त्याला बोल लावू नये.

ऐकीव गोष्ट उत्तरपत्रिकेत लिहू नका, पुस्तकात पाहून खात्री करा, असे मी एकोणतीस वर्षे मुलांना सांगितले. तुझ्या आईने मला तेवढेच विचारले होते. मी ते उद्धटपणा समजलो. पुण्याची एसटी घरासमोरून जाते. तुझी आई असताना दीड महिना माझ्या हातात होता.

मागील पत्रात माझा विचार योग्य होता, असे मी लिहिले. ते वाक्य खोडावे.

कपाटात तिचा रुमाल सापडला. तीन बाजू पूर्ण आहेत. चौथ्या बाजूत सुई तशीच अडकलेली आहे. झालर तुझ्या मापाप्रमाणे चारच बोटे आहे. तुझी काकू पूर्ण करून देते म्हणाली. मी दिला नाही.

तू मला क्षमा करावीस, असे लिहिण्याचा अधिकार मला नाही. एवढेच कळवतो की, चौदा जूनची वाट पाहण्याचे आता कारण नाही, तेव्हाही नव्हते. ती खोकी तेथेच कोणास देऊन टाकलीस तरी मी विचारणार नाही.

तुझ्या रागालाही या घरात जागा आहे, हे जाणावे.

आप्पासाहेब

खालची जागा सोडली होती. पाकीट बंद करवेना. तिच्याच पेन्सिलीने लिहितो.

बाळा, कायबी आणू नगंस. कवा येतूस ते लिव.