तोंडातली चुंबळ

आये, गुडघा बदलून घेतला मी, भोरच्या दवाखान्यात. जुना नुसता कुरकुरायचा. आता आत लोखंड बसवलंय, उद्या मला जाळल्यावर पोरांना राखेत तेवढंच सापडेल. मी सांगतेय तसं नात लिहून घेतेय. मधेच हसते, तिला म्हटलं, तुझं हसणं लिहू नकोस.

ऑपरेशन झाल्यावर कळ अशी यायची, जशी ओली वाकळ दोघींनी दोन टोकं धरून पिळावी. नर्स विचारायची, "आजी, दुखतंय का?" मी म्हणायची, "न्हाई बाई, बरं हाय." सगळ्या वॉर्डात माझं कौतुक, आजी लई सोशिक. कौतुक माझ्या खाटेला आणि गोळी शेजारच्या खाटेला. मग व्यायामवाला यायचा आणि पाय वाकवायला बघायचा. मी पाय फळीसारखा ताठ धरायची. डॉक्टरांना वाटलं, म्हातारी घाबरते. त्यांनी पोराला सांगितलं, आत्ता वाकला नाही तर गुडघा कायमचा असाच राहील. म्हणजे कामथडीच्या शेताच्या बांधावर जाणं संपलं, सून देईल तेव्हा खुर्चीत बसून चहा प्यायचा. त्यापेक्षा मेलेलं बरं.

तिथंच सुया टोचून कळ कमी करणारी एक डॉक्टरीण होती. डॉक्टरांनी तिला बोलावलं. पोरगा म्हणाला, "सुयांनी कुठं दुखणं जातं व्हय?" मी म्हटलं, "सुरीनं उभा पाय चिरला तवा इचारलं न्हाईस, आन् केसाएवढ्या सुईला भितूस?"  डॉक्टरणीनं जखमेला हात लावला नाही. एक सुई नडगीच्या बाजूला टोचली, एक हातावर, आणि हळूच फिरवली. म्हणाली, "आजी, जड वाटलं, मुंग्या आल्या की सांगा. तुम्ही बोलला नाहीत तर सुई नीट बसली का, मला कळणार नाही." मी आपली छताकडं बघतेय. तिनं स्टूल ओढलं आणि निवांत बसली. म्हणाली, "सांगितल्याशिवाय पुढची टोचणार नाही."

तेव्हा तू आठवलीस. गुंजवण्याचं माहेरचं घर, माझं पहिलं बाळंतपण. बाहेर पडवीत माझे सासरे येऊन बसलेत, तू त्यांचा चहा चुलीवर ठेवलायस. मी आतल्या खोलीत कण्हते. तू येतेस, खुंटीवरची हंड्याखालची चुंबळ काढतेस आणि माझ्या तोंडात कोंबतेस. "हिला दात लाव. भायेर आवाज गेला तर मला त्वांड दावू नगंस." दिवसभर ते चिंध्यांचं कडं चावत राहिले. संध्याकाळी बाळ रडलं तेव्हा घरातला पहिला आवाज त्याचा. सासरे म्हणाले, पोरगी गुणाची हाय. ते तू गावभर सांगत फिरलीस. आणि पुढं तुझ्या पोटात दुखायला लागलं तेव्हाही तू चुलीपुढं बसून भाकरी थापत राहिलीस. आम्हाला कळलं तोवर कुठल्या डॉक्टराच्या हातात काही उरलं नव्हतं. तेव्हाही लोक म्हणाले, बाई लई सोशिक होती. आये, त्या सोशिकपणाचं काय लोणचं घालायचं होतं?

म्हणून मी तोंड उघडलं. दुखतंय म्हटलं, लई दुखतंय. कुठं, कसं, सगळं सांगितलं. जुनी दुखणीही त्यात घुसडली, ती बिचारी ऐकत बसली. सुई फिरली, हात जड झाला, मुंग्या पार कोपरापर्यंत चढल्या, तेही सांगितलं. नर्सनं ऐकलं, मग गोळीही वेळेवर यायला लागली. सुयांनी कळ पळून गेली असं नाही. पण पिळणारी पकड ढिली पडली, आणि व्यायामवाल्यानं पाय धरला तेव्हा गुडघा वाकला. मी ओरडले, पण वाकला. समोरच्या खाटेवरची म्हणाली, आजी, जरा हळू. तिला म्हटलं, तूबी वरड की, हितं कोण पाहुणं बसल्यात?

आता सूनबाईला सांगून ठेवलंय, ह्या घरात कुणा बाईनं दुखणं गिळायचं नाही. तुला राग येईल, येऊ दे. हा कागद मी कुठं पाठवणार? वाचता तुलाही येत नव्हतं, मलाही येत नाही. माझ्या लुगड्यांच्या घडीत राहील.

एकच राहिलं. तिसऱ्या सुईला मी जोरात ओरडले, तेव्हा तोंडातून निघालं, "आये गं." नात म्हणते, आजी, सगळेच तसं म्हणतात. म्हणत असतील. मी तुलाच हाक मारली होती.