शेळीशी बोलायला बंदी नाही

१० फेब्रु., मंगळ.
परीला तिसरं लागलं, अजून एक शब्द नाही. तहान लागली की माझं बोट धरून माठाकडं ओढते. मोबाईलवरची इंग्रजी गाणी मात्र तासन्‌तास बघते. नवरोबांचा हुकूम आहे ना, लेकरापुढं आपली बंजाऱ्यांची गोरमाटी बोलायची नाही, शाळेत मागं पडेल. सासूबाईंना, म्हणजे याडींना, मराठी येते ती बाजारापुरती. नवरोबा दुकानात, मी दिवसभर शेतात हळद काढायला. मग लेकराशी बोलणार कोण? मोबाईल!

१३ फेब्रु., शुक्र.
हिंगोलीला दवाखान्यात. कान ठणठणीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरची जी भाषा असेल ती बोला. तुम्ही बोलायचं, तिनं उत्तर द्यायचं, यातूनच या वयात मेंदू घडतो. मोबाईल उत्तरासाठी थांबत नाही." नवरोबांनी मान डोलावली. जीपमध्ये बसल्याबरोबर म्हणाले, "बराबर हाय. इथं जवळच गोरेगावात इंग्रजीचा क्लास लावू." कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

१४, शनि.
बंदी मीच उठवली. तर याडी फुगलेल्या. "ज्यानं कुलूप लावलं त्यानंच काढावं. तवर मी लेकराशी बोलायची न्हाई." नवरोबा म्हणे, "मी काहून सांगू? भल्यासाठीच केलं." मायलेक एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं. माझं लेकरू मुकं राहील याचं कुणाला काही नाही.

१९, गुरु.
डोकं दुखलं, शेतातून लवकर आले. तांड्यात शिरतानाच याडींचा आवाज. शेळीशी गप्पा, खणखणीत गोरमाटीत! भूक लागली का, रुसलीस का. विचारून थांबायच्या. शेजारी परी, एकदा याडींकडं बघते, एकदा शेळीकडं.
"याडी, हे काय?"
"शेळीशी बोलून राहिले. त्यालाबी बंदी हाय का?"
हसावं की रडावं.

२२, रवि.
याडींनी शेळीला विचारलं, तहान लागली का गं? परी म्हणाली, "पाणी."
भांडी तशीच टाकून मी रडले. याडी शेळीच्या पाठीवर हात फिरवत, "शाणी गं माजी."
संध्याकाळी नवरोबा दुकानातून आले. परी पुढ्यात जाऊन, "पाणी." ते खालीच बसले, डोळे भरून आलेले. आणि म्हणाले काय? "से वॉटर, बेटा. वॉटर."
परी परत माझं बोट धरून माठाकडं ओढायला लागली.
याडी शेळीपासून उठल्या, लेकासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी भरला तांब्या नवरोबांच्या हातात दिला. म्हटलं, तुम्हीच पाजा. आणि बोला काहीतरी, आपल्या गोरमाटीतलं.
तांब्या धरून बसलेत अजून. परी बघतेय त्यांच्या तोंडाकडं.