गाडी लागते

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बसवली शेवटी! गाडीला चौदा इंची काढून सोळा इंची चाकं. जयसिंग टायरवाल्याने गाडी दुकानाबाहेर काढली, तर जाणारे-येणारे थांबून बघायला लागले. "बाबूजी, अब मोड़ पे चिपक के चलेगी," म्हणाला. जुनी चाकं त्याच्याकडेच ठेवली.

घरी सूनबाईला, चारुताला, समजावत बसलो. चाकाचा धातूचा भाग मोठा, वरचं रबर पातळ. एकूण उंची जवळपास तीच. रबराचं पोट सुटलेलं नसलं की गाडी वळणावर डुलत नाही, स्टिअरिंगचं लगेच ऐकते. हे मला कुणी शिकवलं नाही. इथे झाशीच्या कारखान्यात हेल्पर लागलो, बघून-वाचून शिकत गेलो. निवृत्त झालो तरी खोड जात नाही.

इंदू म्हणाली, छान दिसते हो. आत जाऊन कुंकू घेऊन आली, चारही चाकांना लावलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

एरचला जाऊन आलो, यमुनाताईंकडे. इंदूची थोरली बहीण, बेतवा नदीकाठी एकटीच राहते. या दोघी अधूनमधून भेटल्या नाहीत तर दोघींनाही अन्न गोड लागत नाही.

हमरस्त्यावर गाडी काय पळाली! वळणांवर तर रुळावरून गेल्यासारखी. मोठ गावाच्या पुढे आत वळलो — तो रस्ता कसला, नुसते खड्डे. इंदू दाराची मूठ धरून बसली. परतताना म्हणाली, "अहो, गाडी लागते हो मला."

इतक्या वर्षांत कधी नाही ते! लिंबू हुंगायला दिलं. तिने हातात घेतलं, हुंगलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

एरचला निघताना इंदूला उलटीची गोळी दिली. जाता-येता झोपली बिचारी. माझा जीव भांड्यात पडला.

२९ डिसेंबर, रविवार

इंदू आली नाही. तुम्हीच जाऊन या, मला लागते गाडी, म्हणाली. मी आलेपाकाच्या वड्या पुढे केल्या, काच उघडी ठेवतो म्हटलं. नको, वय झालं आता माझं, म्हणाली.

एकटाच गेलो. ताई फाटकात उभ्या होत्या. माझ्यामागे गाडीतच बघत राहिल्या. सांगितलं तर त्यांना पटेना.

"गाडी लागते? तिला? मार्तंडराव, आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून मोठच्या बाजारात जायचो. मला ओकाऱ्या, आणि ही बया गाणी म्हणायची!"

मी हसण्यावारी नेलं. ताईंनी इंदूसाठी लोणच्याची बरणी दिली, ती मी शेजारच्या सीटवर ठेवली. घरी येऊन बघतो तर तेल सीटभर सांडलेलं. झाकण सैल, दुसरं काय!

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ताईंचा फोन. छाती भरली आहे, इंदूला आणा. इंदू लगेच साडी बदलून आली आणि गाडीच्या दारापाशी थांबली. आत बसेना. चारुता झाशीजवळच्या बबीन्याची, मराठी सगळी कळते, तोंडात हिंदीच येते. तिने विचारलं, "आई, कहाँ लगती है?"

इंदूने कमरेवर हात ठेवला. "इथे. खाली माकडहाडापर्यंत."

मी हातातली किल्ली खिशात टाकली.

लागते म्हणजे दुखते! इतके दिवस ती हेच सांगत होती. तिचं माहेर पिढ्यान्‌पिढ्या झाशीकडचं, मराठीत हिंदी कुठे मिसळते ते तिलाही कळत नाही. मी सांगलीचा. गाडी लागते म्हणजे मळमळते, एवढंच माझ्या कानाला ठाऊक. आणि मी गोळ्या देत होतो! गुंगीत घालून खड्ड्यांतून नेत होतो तिला.

जाड रबर अर्धा खड्डा स्वतःच्या पोटात घेतं. पातळ रबर तो तसाच वर पाठवतं. लोणच्याच्या बरणीला कळलं, मला नाही. मला कसं कळणार — मला खड्डा समोर दिसतो, हात स्टिअरिंगवर, अंग आपोआप सावरतं. शेजारच्याला कोण सांगतं? वळणांचा विचार केला, बसणाऱ्याचा केला नाही.

चाकांबद्दल सांगितलं तर इंदूला पटलं नाही. "चाकाचं काय त्यात? कंबरच गेली माझी." भाड्याची गाडी आणतो म्हटलं, तर आज बसवतच नाही म्हणाली.

३ फेब्रुवारी, सोमवार

जयसिंगकडे गेलो. जुनी चाकं त्याच्या भावाच्या गोदामात, गुरुवारी मिळतील. म्हणाला, "बाबूजी, लोग छोटे से बड़े करवाते हैं, आप उलटे चले."

ताईंना फोन करून सांगितलं, गुरुवारी नक्की. आवाज खोल गेलेला. म्हणाल्या, "मग कढी करते. तिला माझ्याच हातची आवडते."

५ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे ताई गेल्या.

त्याच चाकांवर गेलो. एरचपर्यंत एकाही खड्ड्याला इंदूने हूं केलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ताईंचा दहावा. परत चौदाची चाकं. तरी इंदूने निघताना कमरेमागे उशी घेतली. तोच रस्ता, तेच खड्डे. दर खड्ड्याला मी तिच्याकडे बघत होतो. ती समोर बघत होती.

बेतवा दिसायला लागली तेव्हा कमरेमागची उशी तिने काढून मागे टाकली.

"एवढंच होतं होय?" म्हणाली.