बाबूच्या तिखटाचे पान

शिरोडा, तालुका वेंगुर्ले, जिल्हा रत्नागिरी. बुधवार, तारीख ६ मे १९६४.

सकाळी मागच्या मांगरात, परसातल्या खोपटात, चूल पेटवली. डुकराचे मांस भाजले, काजूच्या बोंडूंचा रस आटवला. दुपारी पान वाढून कुंपणाच्या दगडी गडग्यावर ठेवले. कावळा आला नाही. उन्हे कलल्यावर साक्षीदारांना निरोप पाठवला आणि हे लिहायला बसले.

मी सुभद्रा, कैलासवासी भिकाजी खवणेकर यांची पत्नी, कन्याशाळेतील निवृत्त शिक्षिका. माझ्या पोटात गाठ आहे आणि ती काढण्याजोगी नाही, असे मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. पुढचा मे मी पाहणार नाही. डोके शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

१. माझा एकुलता मुलगा सत्यवान, घरातला बाबू, बोटीवर स्वयंपाकी होता. तीन वर्षांपूर्वी बोटीवरच तापाने गेला. देह समुद्रात सोडला, म्हणून आम्ही इथे दर्भाचा पुतळा जाळला. काल त्याचे श्राद्ध झाले. आमच्या घराण्यात श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी तिखटाची वाडी ठेवतात. गेलेल्या माणसाला आवडायचे ते मांस-मासे पानावर वाढायचे आणि त्याचे नाव घेऊन कावळ्याला हाक मारायची. कावळा शिवला म्हणजे त्याला पोचले. माझ्यामागे बाबूचे पान कोण ठेवील, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र आहे. घरदाराची वाटणी त्यासाठीच करते आहे.

२. पान कशाचे, ते लिहून ठेवते. बोटीवर साहेब लोकांसाठी तो भाजलेल्या डुकराबरोबर सफरचंदाचा आंबटगोड रस करी. इथे सफरचंद कुठले? रजेवर आला की बोंडूंचा करी. चरबीच्या बाजूने सुरीने चौकटी पाडून मीठ-मिरी चोळावी. मांस जाड टोपात ठेवून खाली आणि झाकणावरही करवंट्यांचे निखारे ठेवावेत. बोंडू चिरून मीठ लावावे आणि तुरट पाणी पिळून टाकावे, नाहीतर घसा धरतो. मग गूळ, आले, सुकी मिरची आणि माडाचा शिरका घालून आटवावे. रस मांसावर ओतू नये, शेजारी वाढावा. मी एकदा ओतला आणि कुरकुरीत कातडी मऊ पडली, तेव्हा तो म्हणाला, "आये, वयर ओतलंस काय कातडी रडता."

३. माझे धाकटे दीर काशिनाथ गडग्यापलीकडे राहतात. आज त्यांनीही बाबूच्या नावाने पान ठेवले, कोंबड्याचे. गावातले सगळे कावळे तिकडे उतरले. ते ओरडले, "वयनी, बघा! शिवलो! बाबू पावलो!"

मी म्हटले, "भावजी, बाबून कोंबो कधी खाल्लो?"

"मेल्यावर आवडनिवड खंयची?"

"मगे तुमच्या बापाशीक दर वर्साक सुंगटांच कित्याक ठेवतास?"

मामंजींना कोळंबी आवडायची, म्हणून त्यांच्या पानावर अजून तीच असते. भावजी तेवढे सोडून म्हणाले, "घर माझ्या बाळाच्या नावार करा. वाडी चुकाची नाय, नाव घेवन हाक मारतलो. पण पान कोंबड्याचा. डुकर आमच्या हातान नाय."

ते दिलेला शब्द पाळतात, हे मी मान्य करते.

४. मांस मला शेजारची कातरीन फर्नांडिस आणून देते. तिलाही विचारले. ती म्हणाली, "बाय, मांस भाजून मी देतलंय. पण कावळ्याक हाक मारूक सांगा नको. पाद्री माका इगर्जीत घेवचो नाय." मग हसली. "तसो पाद्रीय भाजलेल्या डुकराक नाय म्हणना नाय. तेकाच हाक मारू?"

म्हणजे एकाकडे हाक आहे आणि पान चुकीचे, दुसरीकडे पान बरोबर आहे आणि हाक नाही. मी आता काय करावे?

५. माझे घर व माडांची जागा पुतण्या बाळा याला देते. मांगर, त्यातली चूल आणि गडग्यापर्यंतची वाट हयातभर कातरीनची. दरवर्षी बाबूच्या श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी तिने मांस भाजावे, पान गडग्यावर निवायला ठेवावे आणि आत जावे. निवायला ठेवण्यात पाप नाही. बाळाने आपल्या बाजूला उभे राहून बाबूचे नाव घ्यावे. पानाला हात लावू नये, पाहिले नाही तरी चालेल. कावळा शिवेपर्यंत काशिनाथ यांच्या घरून दुसरे कोणतेही पान बाहेर येऊ नये. बाळाने हे मोडले तर घर कन्याशाळेला जावे.

६. हे कलम मी गडग्यावरून काशिनाथ यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "कावळो काय कागद वाचून येता?" हो म्हटले नाही. मी हात जोडले, तरी म्हटले नाही.

भावजी, माझ्या मागे माझी वाडी ठेवू नका. मला काही नको. मला मारायची ती हाक त्याला मारा.

७. बाबूची बोटीवरची सुरी आणि जाड टोप कातरीनला. पोस्टातली शिल्लक माझ्या क्रियाकर्माला लागेल ती वापरावी, उरेल ती दरवर्षीच्या मांसासाठी तिच्याकडे द्यावी. पुस्तके शाळेला.

८. माझी गाय जाऊ शेवंती हिला. बाबूने मांस शिजवले की शेवंती माझ्या उंबऱ्याबाहेर शेणपाणी शिंपडत असे. तिला शेण कमी पडू नये.

वरचे सर्व मी स्वतः लिहिले, साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सुभद्रा भिकाजी खवणेकर

साक्षीदार:
रघुवीर शाबा परब, पोस्टमन
लीला दत्ताराम आरोसकर, शिक्षिका

कागदावर जागा उरली म्हणून लिहिते. साक्षीदार गेले. दिवेलागण झाली, आता कावळे उतरायचे नाहीत. पान आत आणून झाकले. सकाळपासून पोटात काही नव्हते. पेज गरम केली, मीठ घातले आणि जेवले.