नायिकेचं काम

सांगली, पौष, १९४५

आज नाटक कंपनीच्या मालकांनी मला नायिकेचं काम द्यायला नकार दिला. "आवाज लय गोड हाय, पण बाईमाणूस आमी घेत न्हाई. कपडे सांभाळ." म्हणजे पन्नाशीचे दत्तोबा नायिका होणार आणि मी त्यांच्या निऱ्या काढायच्या? निऱ्या! चीडच आली. रंगीत तालीम चालू होती. तशीच रंगमंचावर चढले आणि नायिकेचं पद म्हटलं. सगळे थांबले. दत्तोबांनीच डोक्यावरचा टोप उतरवला. "मालक, माजं गुडघं दुखत्यात. हिलाच घ्या."

"बरं, बदली म्हणून ये," मालक म्हणाले.

"बदली नाही. जाहिरातीत माझं नाव छापणार असाल तरच."

मालकांनी पानाची पिंक टाकली. मग म्हणाले, "काय छापायचं?"

मी आडनावासकट सांगितलं. घरी कळेल तेव्हा कळेल.